कर्णबधिर बाळाला भाषा लवकर यावी म्हणून हाताच्या खुणांचा उपयोग होतो का?

होतो, मात्र बोलली जाणारी भाषा शिकवायची असेल तर खुणा बोलण्याच्या जोडीने व्हायला हव्यात. आरशासमोर ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात, त्यामुळे केवळ ओठांवरून शब्द ओळखणे मुलाला जमत नाही. ही अडचण हेरून वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात ऑरिन कॉर्नेट यांनी १९६६ मध्ये ‘क्यूड स्पीच’ ही पद्धत तयार केली. तिच्या मूळ इंग्रजी रचनेत व्यंजनांसाठी हाताचे ८ आकार आणि स्वरांसाठी चेहऱ्याजवळच्या ४ जागा असून प, ब, म यांचे आकार वेगवेगळे आहेत. ही सांकेतिक भाषा नव्हे (हा गोंधळ पुष्कळांचा होतो). येथे बोलली जाणारी भाषाच डोळ्यांना दिसते. बाळाची नजर चेहऱ्यावर आल्याखेरीज मात्र वाक्य सुरू करू नये.