विचारा ताईला: पोरंबाळं घेऊन क्रूझवर निघालोय, बॅगेत काय भरू?

नाताळच्या सुट्टीची बुकिंग झालेली दिसतायत बऱ्याच जणांची, कारण या वेळी आलेल्या प्रश्नांत क्रूझचेच जास्त आहेत. कुणी मुंबईहून गोव्याला, कुणी लक्षद्वीपला, कुणी सिंगापूरला विमानाने जाऊन तिथून पुढे जहाजाने. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, तेव्हा आपलं पत्र दिसलं नाही म्हणून रुसू नका.

ताई, डिसेंबरमध्ये मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ आहे. मुलगी ४ वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. मी लिस्ट करायला बसले तर तीन बॅगा झाल्या. नवरा म्हणतो दोन रात्रींना तीन बॅगा कशाला, सासूबाई म्हणतात लेकरांचं कमी पडायला नको. नक्की किती घेऊ?
— एक आई, डोंबिवली

अगं, तुमच्या घरात भांडण चाललंय मोठ्या बॅगेवरून आणि खरी महत्त्वाची बॅग वेगळीच आहे. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलला पोचलात की मोठ्या बॅगा टॅग लावून तिथेच द्यायच्या, त्या स्कॅन होऊन जहाजावर जातात आणि तुमच्या केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ होते. केबिनसुद्धा चढल्या चढल्या मिळेलच असं नाही. म्हणजे दुपारचे काही तास तू, नवरा आणि दोन लेकरं, हातात जे असेल तेवढ्यावर. आणि नेमकं तेव्हाच मुलीला पूल दिसणार, धाकटा जेवण सांडणार, त्याची झोपेची वेळ होणार.

म्हणून आधी खांद्यावरची सॅक भर, मोठी बॅग मागाहून. सॅकमध्ये दोघांचे पोहायचे कपडे, एकेक पूर्ण जोड, धाकट्याचे पाच-सहा डायपर, वाइप्स, एक दुपटं, सगळी औषधं, पाण्याची बाटली, झोपताना लागणारं जे काय असेल ते (टेडी असो नाहीतर तुझी जुनी ओढणी, ते मोठ्या बॅगेत गेलं तर संपलंच), आणि ओळखपत्रं. मुलांचं आधार ओरिजिनल घे, पाच वर्षांखालच्यांचं ते निळं बाल आधार, सोबत जन्मदाखलाही ठेव. मोबाइलमधला फोटो दाखवून काम होईल या भरवशावर राहू नकोस. चेक-इनची लांबलचक रांग, कडेवर पोर, आणि फोनची बॅटरी लाल, हे काही बरं नाही.

आता मोठी बॅग. एकच घे, नवऱ्याचं बरोबर आहे. मुंबई-गोवा करणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' १९९० साली बांधलेली, आतल्या बाजूच्या केबिन तशा लहानच, तिथे तीन बॅगा उघडून ठेवल्या तर माणसांनी कुठे उभं राहायचं? कपडे दिवसाला दोन जोड धर आणि एक जास्तीचा. फक्त थंडीचं विसरू नको. डिसेंबरचा समुद्र म्हणून नाही, एसीमुळे. थिएटर, जेवणाचा हॉल, केबिन सगळीकडे एसी, आणि संध्याकाळी डेकवर वारा. मुलीला स्वेटर, धाकट्याला कानटोपी आणि पायमोजे. उन्हाची टोपी मात्र हनुवटीखाली बंद असलेलीच, नाहीतर पहिल्याच वाऱ्याला अरबी समुद्रात.

सासूबाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगते, प्लॅस्टिकचा मग घ्याच. हसू नको. जहाजावर बादली-मग नसतो, छोटंसं शॉवरचं खोपटं असतं, आणि आपल्याकडची बरीच लेकरं डोक्यावर शॉवर सुरू झाला की असा काही सूर लावतात की शेजारच्या केबिनमधले उठून येतील. मगाने अंघोळ घातली की गप्प. शिवाय जेट स्प्रे नसेल तिथेही तोच मग उपयोगी.

आणि आतली केबिन असेल, खिडकी नसलेली, तर दिवा बंद केला की अगदी मिट्ट काळोख होतो, दुपारीसुद्धा. बॅटरीवरचा छोटा नाइट लॅम्प ठेव. एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, अगरबत्ती, मेणबत्ती, डासांची कॉइल यातलं काहीही घेऊ नको, बहुतेक जहाजांवर स्कॅनिंगलाच काढून ठेवतात. जहाजावर आगीइतकी कशाचीच धास्ती नसते, तिथे आरग्युमेंट चालत नाही.

नमस्कार. लेक-जावई आणि दोन नातवंडांबरोबर सिंगापूरहून क्रूझला जायचं आहे. नातवंडांना माझ्या हातचे डिंकाचे लाडू, अनारसे, चकली फार आवडते. जहाजावर नेऊ देतात का?
— एक आजी, सांगली

आजी, तुमचं पत्र वाचून आधी भूक लागली आणि मग घाबरले. अनारशाला खसखस लागतेच, डिंकाच्या लाडवातही बरेच जण घालतात. आणि सिंगापूरमध्ये खसखस न्यायला बंदी आहे, साधी गंमत नाही, अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते ती, कारण अफूच्याच झाडाचं बी. तेव्हा अनारसे घरीच खाऊन निघा, डिंकाचे लाडू न्यायचेच असतील तर बिनखसखशीचे करा, मसाल्याच्या डब्या-पुड्यांतही खसखस राहिलेली नाही ना ते बघा. च्युइंगगमसुद्धा तिथे चालत नाही, जावईबापूंच्या खिशात असेल तर काढायला सांगा.

आता जहाजाचं. विमानापर्यंत आणि सिंगापूरच्या हॉटेलात घरचा खाऊ चालेल, पण बहुतेक क्रूझवाले घरी केलेलं खाणं जहाजावर चढवू देत नाहीत. सीलबंद, कारखान्यातून पॅक होऊन आलेलं बरंचसं चालतं, तान्ह्या बाळाच्या खाण्याला सूट असते. म्हणून चकलीचा डबा जहाजावर चढायच्या आधीच्या दिवशी संपवा (नातवंडं असताना तो उरेल असं वाटत नाही मला). जहाजावर खायचे हाल होत नाहीत. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर, त्यामुळे वरणभाताच्या जवळपासचं काहीतरी मिळतं, दही मिळतं, फळं मिळतात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्यायला सांगा लेकीला.

आणि लेकीला हेही विचारा की व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना. जहाज सिंगापूरमधून बाहेर पडतं, पेनांग नाहीतर फुकेतला जातं, परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता. नातवंडांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आपला दहा, त्यामुळे घरात सगळ्यांचे पासपोर्ट चालू आणि नेमका नातवाचा संपत आलेला असं होतं. निदान सहा महिने शिल्लक हवेत.

माझा मुलगा ५ वर्षांचा, खंबाटकी घाटात हमखास उलटी करतो. समुद्रात काय होईल या विचाराने बायको कॅन्सल करायच्या मागे लागली आहे. कोणती गोळी ठेवू?
— एक बाबा, पुणे

कॅन्सल करू नका. घाटातली वळणं आणि मोठ्या जहाजाचं डोलणं यात खूप फरक आहे. जहाजांना दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या बाजूचा समुद्र बराचसा शांत असतो. जून ते सप्टेंबरची गोष्ट निराळी. तरी दोन ते बारा या वयातल्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, तेव्हा तयारी हवीच.

केबिन अजून बदलता येत असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकची घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी. लोक वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची केबिन हौसेने घेतात आणि मग रात्रभर सीसॉवर झोपतात. मळमळायला लागलं की मुलाला उघड्या डेकवर न्या, लांब क्षितिजाकडे बघायला लावा, मोबाइल हातातून काढून घ्या (हे मळमळीपेक्षा अवघड). पोट रिकामं ठेवू नका, तेलकटही नको, कोरडी बिस्किटं, सफरचंद, पॅकबंद आलेपाक.

गोळीबद्दल मी नाव सांगणार नाही आणि तुम्हीही मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. घरात मोठ्यांसाठी ॲव्होमिन असते, ती अर्धी करून पोराला द्यायची सवय आहे आपल्याकडे. त्यात प्रोमेथाझिन असतं, ते दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात द्यायचं नसतं, श्वासावर परिणाम होऊ शकतो. कानामागे लावायची पट्टी तर मुलांसाठी नाहीच. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा, वजन करून डोस लिहून घ्या, आणि घरी एका सुट्टीच्या दिवशी देऊन बघायचं का तेही त्यांनाच विचारा, कारण काही मुलं या औषधाने पेंगतात आणि काही उलट घर डोक्यावर घेतात. बोटीवर पहिल्यांदा कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

त्याच चिठ्ठीवर तापाचं औषधही लिहून घ्या, थर्मामीटर घ्या, आणि ओआरएसची पावडरची पाकिटं. ज्यूससारख्या गोड टेट्रापॅकवर भरवसा नको, एफएसएसएआयने (खाण्यापिण्याच्या मालावर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असल्या पेयांना ओआरएस हे नाव लावायला बंदी केली ती उगाच नाही. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघा. जहाजावर डॉक्टर असतात पण फी वेगळी लागते आणि ती आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याची नसते.

हात धुण्याचा साबण पण घ्या, कागदी साबण मिळतो तो मस्त. क्रूझवर जुलाब-उलट्यांची साथ येते ती बऱ्याचदा नोरोव्हायरसची, आणि सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण-पाणीच.

बाळ ९ महिन्यांचं आहे. बाटल्या उकळायच्या कशा, झोपवायचं कुठे, जाऊच नये का?
— एक आई, ठाणे

जा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांपुढच्या बाळांना घेतात, लांबच्या समुद्रप्रवासाला मात्र वर्षाची अट असते, ती आपल्या बुकिंगवर तपासून घे. पाळणा म्हणजे ट्रॅव्हल कॉट आधी सांगून ठेवली तर मिळते, चढल्यावर मागितली तर संपलेली असते. रबरी शीट आणि दोन दुपटी आपली घे.

केबिनमध्ये गॅस नाही, मायक्रोवेव्ह नाही, किटली असेलच असं नाही. चांगला थर्मास घे आणि केबिन साफ करायला येणाऱ्या स्टुअर्डला उकळतं पाणी मागत जा, हसत देतात. बाटल्यांसाठी थंड पाण्यात विरघळणाऱ्या स्टरलायझिंग गोळ्या आणि एक झाकणाचा डबा. पावडरचं दूध तुझं नेहमीचंच आणि सीलबंद डब्यात, तिथल्या दुकानात मिळेल ही आशा नको. डायपरचंही तेच. रोज लागतात त्याच्या वर दिवसाचे दोन-तीन जास्त धर, हवापालट झाली की पोट बिघडतंच.

वापरलेले डायपर आणि वाइप्स कमोडमध्ये टाकायचे नाहीत हे नवऱ्यालाही सांग. जहाजावरचे संडास हवेच्या दाबाने खेचणारे असतात, एक वाइप अडकलं की तुमच्याबरोबर आजूबाजूच्या केबिनीही बंद. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांचं बंडल घे.

स्ट्रोलर घेणार असशील तर छत्रीसारखा मिटणारा. तो मोठा, तीन चाकांचा, दारातून आत जाणार नाही आणि कॉरिडॉरमध्ये ठेवू देणार नाहीत.

स्विम डायपर घातला तर बाळ पूलमध्ये चालतं ना?
— कोल्हापूर

बहुतेक जहाजांवर नाही. काही जहाजांवर छोट्यांसाठी वेगळे कारंजे असतात तिथे चालतं. किड्स क्लबलाही तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला अशीच अट असते साधारण, एकटं सोडून जायचं असेल तर.

लक्षद्वीपच्या क्रूझला मुलांचं वेगळं काही लागतं का? वय ६ आणि ८.
— नागपूर

लागतं. तिथे मोठं जहाज बेटाला लागत नाही, लांब समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटीने जावं लागतं. चढता-उतरताना हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि ती भिजली तरी चालेल अशी. फोन आणि कपडे आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा वॉटर शूज, कारण प्रवाळाचे तुकडे पायाला कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही. पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे, सनस्क्रीन, दर दोन तासांनी परत लावायचं. लाइफ जॅकेट बोटवाले देतात, मुलांच्या मापाचं मागून घ्या, मोठ्यांचं ढगळ जॅकेट मुलांच्या डोक्यावरून निघून येतं.

पोरं किनाऱ्यावरचे पांढरे पांढरे प्रवाळाचे तुकडे खिशात भरतात. परत बोटीत बसायच्या आधी खिसे तपासा, कारण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, मेलेला तुकडा उचलून आणणंही गुन्हा.

आणि हो, मोबाइल. किनारा सुटला की रेंज जाते आणि कधी कधी फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो, त्याचं बिल बघून चक्कर येते. मुलांच्या हातातले फोनसुद्धा फ्लाइट मोडवर टाका, कार्टून घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करा, आणि पत्त्यांचा एक कॅट घ्या सोबत. सात-आठ हा डाव या वयाला छान जमतो.