घर मोठं झालं, तरी मन का भरत नाही?

प्रश्न: मावशी, मी ३६ वर्षांची आहे. लग्नानंतर दहा वर्षं नौपाड्यात सासरच्या दोन खोल्यांत काढली. मागच्या दसऱ्याला घोडबंदर रोडला, कासारवडवलीत टू बीएचके घेतला. बाविसावा मजला, गॅलरीतून खाडी दिसते. वास्तुशांतीच्या दिवशी मी आनंदाने रडले होते. आता त्याच घरात शिरताना काहीच वाटत नाही. नोकरी ऐरोलीला. आधी बस किंवा रिक्षा, मग ठाणे स्टेशन, मग ट्रेन. जाऊन-येऊन रोज साडेतीन तास मोडतात. नौपाड्याहून पाऊण तासात पोचायचे. नवरा म्हणतो, तुझं सेरोटोनिन लो झालंय. त्याने ऑनलाइन कॅप्सूल मागवल्यात. दर रविवारी आम्ही डोपामिन डिटॉक्सही करतो: फोन नाही, टीव्ही नाही, बाहेरचं खाणं नाही, कोणाकडे जाणं नाही. सासूबाईही हल्ली गप्प असतात. या दसऱ्याला गाडी घ्यावी, म्हणजे घरात जरा उत्साह येईल, असं चाललंय. (नौपाड्यात कधी गेले की मात्र पोटभर हसते आणि परत येताना स्वतःचीच लाज वाटते. जिथून सुटायला एवढी धडपड केली, तिथेच बरं वाटावं?) माझ्या मेंदूतच काही बिघडलंय का, की मी कृतघ्न आहे?
– कासारवडवलीची एक वाचक

उत्तर:

मावशी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू कंसात टाकली आहेस. नौपाड्यात गेलीस की हसतेस. डिप्रेशनमध्ये बहुतेकदा हीच वाट बंद होते. आवडतं माणूस समोर बसलेलं असतं, आवडता पदार्थ ताटात असतो आणि आत काहीच हलत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असंच जातं. झोप आणि भूक बिघडते, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटत राहतं. पत्रावरून निदान होत नसतं, म्हणून हे तू स्वतःशी ताडून बघ. यातलं काही जुळत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर माझ्या उत्तरावर थांबू नकोस. टेली मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएचसारखी संस्था आहे. शिवाय थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. या दोन्हींतल्या बिघाडाने येणारा थकवा उदासीसारखाच दिसतो आणि आपल्याकडच्या बायका तो वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

आता सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. तुझ्या नवऱ्याला तुझी काळजी वाटते, हे मला त्या कॅप्सूलमधूनच कळलं. पण ‘लो झालंय’ हे त्याला कळलं कसं? शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ते तिथून मेंदूत शिरू शकत नाही. तुझ्या मेंदूत ते किती आहे, हे सांगणारी रक्ताची तपासणी कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. सेरोटोनिन कमी झालं की माणूस उदास होतो, हे समीकरण अनेक वर्षं जाहिरातींतून आणि मासिकांतून फिरलं. २०२२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं आधीचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा त्या समीकरणाला सातत्याने पाठिंबा देणारा पुरावा सापडला नाही. यावरून डिप्रेशनची औषधं निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांचा अनेकांना फायदा होतो, ती आपल्या मनाने बंद तर मुळीच करायची नाहीत. एवढंच की मन हे एका रसायनाच्या पातळीवर वर-खाली होत नाही.

कॅप्सूलची बाटली मात्र बाजूला ठेव. अशा गोळ्यांत बहुधा ५-एचटीपी असतं, ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं. घरात कोणी डिप्रेशनचं औषध घेत असेल आणि त्यानेही त्या बाटलीतली एक घेतली, तर सेरोटोनिन इतकं वाढू शकतं की जिवावर बेततं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नको.

रविवारच्या डिटॉक्सबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तुझ्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या खऱ्या कामात आहे. डोपामिन म्हणजे डब्यातली साखर नव्हे, की रविवारी डबा रिकामा करून घासला आणि सोमवारी ताजी भरली. ते मेंदूत सतत लागतं, हात-पाय हलवायलासुद्धा. पार्किन्सनच्या आजारात ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात, तेव्हा माणसाला खुर्चीतून उठणंही अवघड होतं. २०१९ च्या सुमाराला ‘डोपामिन फास्टिंग’चा, म्हणजे डोपामिनच्या उपासाचा, गाजावाजा झाला. तो शब्द लोकप्रिय करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीच सांगितलं होतं की नाव शब्दशः घेऊ नका, मुद्दा नको त्या सवयींना आवर घालण्याचा आहे. फोन एक दिवस बाजूला ठेवणं उत्तमच. पण तुमच्या यादीत ‘कोणाकडे जाणं नाही’ हे कुठून आलं? तुझ्या आठवड्यातली मोकळ्या हसण्याची एकमेव शक्यता तुम्ही उपचार म्हणून बंद केलीत.

डोपामिनला सगळीकडे ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, तेही अपुरं आहे. केंट बेरिज यांनी अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर अन्नाकडे जातच नाहीत. समोर असून उपाशी राहतील. पण तोंडात गोड थेंब सोडला तर पूर्वीसारखेच ओठ चाटतात. म्हणजे गोडी त्यांना लागतेच, ओढ मात्र जाते. हवंहवंसं वाटणं आणि मिळाल्यावर आवडणं यांची यंत्रणा मेंदूत एक नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींची नोंद घेतली, त्यात आणखी एक गोष्ट दिसली. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की पेशी उसळत. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकड शिकलं, की त्या दिव्याला उसळायच्या. ठरल्याप्रमाणे रस आला, तर त्या रसाला काहीच नाही. आणि दिवा लागून रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही खाली जायच्या. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं का, याचा हिशेब या पेशी ठेवतात. पदरात किती आहे याचा ठेवत नाहीत.

माकडाच्या सेकंदांचा हिशेब तुझ्या दहा वर्षांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी त्या दहा वर्षांकडे एकदा बघ. रविवारी साइट बघायला जाणं, ब्रोशर उशाशी ठेवणं, लोन मंजूर झाल्याचा मेसेज, टाइल्सचा रंग, किल्ली. पुढे काहीतरी येणार होतं, सगळी ओढ तिकडे लागलेली होती. ते आलं. आता रोज संध्याकाळी तू दार उघडतेस तेव्हा आत तेच असतं जे असणार हे तुला ठाऊक आहे. ‘काहीच वाटत नाही’ हे सुस्थितीतल्या मेंदूचंही लक्षण असू शकतं. त्याला कृतघ्नपणा म्हणू नकोस.

मिळालेल्या गोष्टीची अशी सवय होणं मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांशी बोलून पाहिलं. ते त्यांच्या आसपासच्या लोकांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतली गोडी त्यांना कमीच वाटत होती. याच अभ्यासाचा दुसरा भाग लोक चुकीचा सांगतात. अपघातात अपंगत्व आलेली माणसंही इतरांइतकीच सुखी होती, असं म्हणतात. तसं नाही. ती इतरांपेक्षा कमी सुखी होती, फक्त आपल्याला वाटेल तितकी दुःखी नव्हती. म्हणजे माणसाला काही गोष्टींची सवय लवकर होते, काहींची उशिरा, काहींची पुरती कधीच नाही.

तुझं गणित इथे अडलंय असं मला वाटतं. गॅलरीतल्या खाडीची सवय झाली. घोडबंदर रोडची झाली नाही, होणारही नाही. खाडी रोज तशीच असते. ट्रॅफिक रोज वेगळं असतं: आज मानपाड्याला अडकायचं, उद्या कापूरबावडीला, परवा माजिवड्याच्या अलीकडे कंटेनर बंद पडलेला आणि लेटमार्कची धास्ती. जे आधी कळत नाही आणि हातात नसतं, त्याला मन सरावत नाही. अलोइस स्टुटझर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली जर्मनीतल्या घराघरांची अनेक वर्षांची माहिती तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घराने किंवा जास्त पगाराने होत असणार, असं अर्थशास्त्र मानतं. प्रत्यक्षात प्रवास जितका लांब, तितकं माणसांचं समाधान कमी निघालं. भरपाई होत नव्हती.

घर घेताना आपण खोल्या मोजतो, मंगळवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणत नाही. तुझ्याच बाबतीत असं झालं असं समजू नकोस. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हॉस्टेलची इमारत चिठ्ठ्या टाकून ठरायची. एलिझाबेथ डन, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००३ मध्ये त्यावर लिहिलं. चांगली इमारत मिळाली तर किती सुखी होऊ आणि वाईट मिळाली तर किती दुःखी, याचे मुलांचे अंदाज दोन्हीकडे फुगलेले निघाले. अंदाज बांधताना इमारत आणि जागा त्यांच्या डोळ्यांत भरत होती, आपण कुणासोबत राहणार आहोत याला त्यांनी पुरेसं वजन दिलंच नव्हतं.

तू दोन खोल्या सोडल्यास, त्यासोबत येता-जाता ‘काय गं, उशीर झाला आज?’ विचारणारी माणसंही सुटली. खोल्यांचा जाच खरा होता. एका बाथरूमसाठीची रांग, नवऱ्याशी दोन शब्द बोलायला जागा नसणं, हे कुणी गोड करून सांगू नये आणि परत तिथे राहायला जा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या माणसांची आठवण येते म्हणून लाजू नकोस. सासूबाईंना विचारलंस का, की त्या गप्प का असतात? चाळीस-पन्नास वर्षं ज्यांच्या दारातून कोपिनेश्वराला, तलावपाळीला चालत जाता येत होतं, त्या आता बाविसाव्या मजल्यावर तुम्ही दोघं येईपर्यंत एकट्या असतात. मला त्यांची काळजी तुझ्याइतकीच वाटते. वय झालेल्या माणसाचं गप्प होणं घरात ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिलं जातं. रविवारचा डिटॉक्स बंद करा आणि त्यांना घेऊन नौपाड्यात जा. दर रविवारी नाही जमलं तरी महिन्यातून दोनदा, ठरवून. अधल्यामधल्या दिवसांसाठी तुमच्याच सोसायटीत त्यांच्या वयाच्या बायका संध्याकाळी खाली बसत असतील, तिथे पहिले काही दिवस तू सोबत जा. एकटीने जाऊन ओळख काढणं त्यांना जड जाईल.

तुझ्या प्रवासाचं काय करता येईल? ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळतं का, ते विचार. नाही म्हणाले तर वेळ बदलून माग. सातच्या आत निघालीस तर त्याच रस्त्याला बराच कमी वेळ लागेल. ट्रेनमधला वेळ छोटा आहे, पण तोही कानात हेडफोन घालून घालवू नकोस. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोच्या लोकलमधल्या प्रवाशांना अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं. बोलून कंटाळा येईल असं बहुतेकांना वाटत होतं, झालं उलटं. आपल्या लेडीज डब्यात भाजी निवडणं आणि हळदीकुंकू चालतं, त्यामुळे तुला शिकागोची साक्ष लागू नये. रोजची ८.१२ किंवा जी असेल ती एकच गाडी आणि एकच डबा धर. आठ-पंधरा दिवसांत चेहरे ओळखीचे होतात, पुढचं त्या बायकाच बघून घेतात.

आणि गाडीचं बुकिंग या दसऱ्याला करू नका. माजिवड्याला बस जिथे अडकते तिथेच तुमची गाडीही अडकेल, फक्त क्लच तुझ्या किंवा नवऱ्याच्या पायाखाली असेल आणि हप्ता घराच्या हप्त्यावर चढेल. गाडी बुक करताना होणारा आनंद खरा असेल, याबद्दल मला शंका नाही. त्याचं पुढे काय होतं, ते तू याच वर्षी अनुभवलं आहेस. त्या हप्त्याच्या अगदी थोड्या भागात पोळी-भाजीला बाई लागेल आणि घरी पोचल्यावरचा एक तास तुझा होईल. २०१७ मध्ये ॲशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी कॅनडात नोकरदार माणसांना एका वीकेंडला वस्तू घ्यायला आणि एका वीकेंडला वेळ वाचवायला तेवढेच पैसे दिले. वेळ विकत घेतला त्या दिवशी ती जास्त आनंदी होती. नवऱ्याशी हे बोलताना ‘घर घेऊन चुकलो’ असं म्हणू नकोस. त्यानेही त्या घरासाठी दहा वर्षं घातली आहेत, ते त्याच्या जिव्हारी लागेल. घर छान आहे, मला रस्ता छळतोय आणि माणसं कमी पडताहेत, असं म्हण. ऑफिसने काय उत्तर दिलं आणि सासूबाई काय म्हणाल्या, ते मला नक्की कळव.