काच वर येईना, वायपर मध्येच थांबतो

प्रश्न : गाडी जुनी आहे. डाव्या दाराची काच कधी चढते, कधी अडते. वायपर बंद केला की काचेच्या मधोमध उभा राहतो. मोटर बदलावी का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : थांबा, मोटर एवढ्यात घेऊ नका. रात्री इग्निशन चालू ठेवून आतला दिवा लावा आणि खिडकीचं बटण दाबा. दिवा मंदावला, तर करंट मोटरपर्यंत पोचतोय. काच रबराच्या खाचेत जखडली असेल किंवा रेग्युलेटर (काच वर-खाली सरकवणारी दारातली यंत्रणा) अडकला असेल. खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यात आपली लाल धूळ चिकटते. दिवा ढिम्म राहिला तर बहुधा फ्यूज, स्विच किंवा वायर. माझा पहिला संशय दार आणि ते ज्यावर बसवलेलं असतं तो गाडीचा खांब यांमधल्या रबरी नळीवर असतो. दार उघडता-मिटता आतली वायर तुटते, वरून मात्र धड दिसते. बटण दाबून धरा आणि दार हलवा. काच हलली तर दोष तिथेच. बऱ्याच गाड्यांत डाव्या खिडकीचा करंट ड्रायव्हरच्या स्विचमधूनच फिरतो, म्हणून तोही तपासायला सांगा.

वायपरचं दुखणं बहुधा मोटरमधल्या पार्क स्विचच्या (बंद केल्यावर वायपरला जागेवर आणून थांबवणाऱ्या स्विचच्या) गंजलेल्या पट्ट्यांचं. त्या साफ करता येतात. वायपर हळूही चालत असेल, तर खारट हवेने स्पिंडल, म्हणजे वायपरचा हात ज्यावर फिरतो तो दांडा, आवळला असेल. हे काम मे महिन्यातच उरका. पावसाळी रात्री घाटात वायपर थांबला, तर समोरचं काही दिसत नाही.