माइकसमोर किती तास?

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची तीन माहितीपत्रकं मिळाली. क्रीडा प्रसारणाचा यातला कुठला अभ्यासक्रम घेऊ, असं विचारलंस. स्टुडिओचे फोटो तिन्हींत झकास आहेत. मला हवी होती ती ओळ मात्र एकातही सापडली नाही: विद्यार्थ्याला प्रत्यक्ष माइकसमोर किती तास मिळतात? प्रवेश घेण्याआधी हे विचार. सरळ उत्तर मिळालं नाही, तर चहा पिऊन उठून ये.

विन स्कली यांनी डॉजर्स या बेसबॉल संघाचं समालोचन १९५० ते २०१६ असं ६७ हंगाम केलं. त्यांची सुरुवात फोर्डम विद्यापीठाच्या विद्यार्थी-रेडिओवर झाली. बॉब कॉस्टस आणि माइक टिरिको हे अमेरिकेतले नावाजलेले क्रीडा समालोचक सिराक्यूज विद्यापीठातले, तेही तिथल्या विद्यार्थी-रेडिओतून घडले. अशा ठिकाणी ऐकणारे थोडे असतात आणि चूक झाली तर नोकरी जात नाही. तू फी भरणार आहेस ती खरं तर या सवलतीची. बाकी पदवी पत्रकारितेची असो, भाषेची असो किंवा इतिहासाची, त्यावरून मी तरी कुणाला कधी निवडलं नाही.

खेळलेल्या माणसाला शिकावं लागत नाही, हाही एक गैरसमज. पुढे समालोचक म्हणून गाजलेले क्रिकेटपटू रिची बेनॉ १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. दौरा संपल्यावर ते लंडनमध्ये मागे राहिले आणि बीबीसीचं टेलिव्हिजनचं प्रशिक्षण घेतलं. तेव्हा ते कसोटी खेळत होते, कर्णधारपद तर अजून यायचं होतं.

अभ्यासक्रम सुरू होईपर्यंत हातावर हात धरून बसू नकोस. टीव्हीचा आवाज बंद कर, सामन्याचं समालोचन फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ऐक. त्याच दिवशी ऐकू नकोस. सामना डोळ्यांसमोर ताजा असतो, त्यामुळे तू न सांगितलेलंही तुला दिसत राहतं. चेंडू कुठे आहे, कुणाकडे आहे, कुठल्या दिशेनं चाललाय हे नुसत्या ऐकण्यातून कळलं पाहिजे. जानेवारी १९२७ मध्ये बीबीसीनं आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्याचं समालोचन केलं, तेव्हा ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्या साप्ताहिकात मैदानाचा चौकोन पाडलेला नकाशा छापला होता. टेडी वेकलम खेळाचं वर्णन करायचे आणि जोडीदार चौकोनाचा आकडा सांगायचा. तुझ्या श्रोत्याच्या हातात नकाशा नसणार. ते चौकोन तुझ्या वाक्यांतच यायला हवेत.

आणि स्कोअर! नवखे सगळ्यात जास्त विसरतात तो स्कोअर. डॉजर्सचे जुने समालोचक रेड बार्बर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ पुढ्यात ठेवायचे. वाळू खाली आली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. स्कली त्यांच्याच हाताखाली शिकले.

हे झालं रेडिओचं. टीव्हीचं गणित उलटं. चित्र दिसतंच आहे, मग तू भर काय घालणार? ८ एप्रिल १९७४ ला बेसबॉलपटू हँक आरन यांनी ७१५वा होमरन (बेसबॉलमधला षटकारासारखा फटका) मारून बेब रूथ यांचा विक्रम मोडला, तेव्हा स्कली रेडिओवर असूनही गप्प झाले आणि बराच वेळ फक्त गर्दीचा आवाज जाऊ दिला. तोंड बंद ठेवण्याचा तास कुठल्याच वेळापत्रकात नसतो. तो आपला आपण लावून घ्यायचा.

शिक्षक सहसा उरकून टाकतात असा एक विषय म्हणजे कानातला आवाज. समालोचक बोलत असतो आणि हेडफोनमध्ये दिग्दर्शक ‘आता रिप्ले’, ‘दहा सेकंदांत ब्रेक’ असं सांगत असतो. ते फक्त आपल्याला ऐकू येतं. माझ्या पहिल्या थेट प्रक्षेपणात असं कानात ऐकू आल्यावर मी आदबीनं म्हणालो, ‘हो सर, थांबतो.’ सगळ्या प्रेक्षकांना. जोडीदार खाली वाकून हसत होता, ते मला अजून दिसतं. याचा सराव घरी होतो. मित्राला कानाशी दहापासून उलटे आकडे मोजायला लाव आणि शून्यावर तुझं वाक्य पूर्ण होईल असं बोल. मधेच तोडायचं नाही आणि ओढूनताणून लांबवायचंही नाही. पहिले पंधरा दिवस वैताग येईल.

पहिली नोकरी बहुधा माइकची नसेल. आकडेवारी काढणं, रिप्ले कापणं, ओबी व्हॅनमध्ये (मैदानाबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत) केबल गुंडाळणं, जे मिळेल ते घे. दिग्दर्शकाला कुठला कॅमेरा का हवा असतो, हे व्हॅनमध्ये बसून जेवढं कळतं तेवढं वर्गात कळत नाही. आपल्या आवडत्या खेळाखेरीज आणखी एक खेळ नियमपुस्तकापासून शिक. ज्याला समालोचक पटकन मिळत नाहीत असाच बघ. तिथली रांग छोटी असते. खेळाडूंच्या नावांचे उच्चार इंटरनेटवर शोधत बसू नकोस, जमेल तिथे ज्याचं नाव त्यालाच विचार.

आवाज भारदस्त नाही म्हणून खंत केली आहेस. त्यावर मी काही लिहीत नाही, कारण तो मी अजून ऐकलेलाच नाही. पुढच्या रविवारपर्यंत कुठल्याही सामन्याची सलग वीस मिनिटं पाठव. काटछाट करायची नाही, दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायचं नाही. स्कोअर किती वेळा सांगितलास, ते मी मोजणार आहे.

तुझा,
काका