थायरॉईडचा त्रास असेल तर हृदयावर परिणाम होतो का?

हो, होतो. आणि दोन्ही बाजूंनी होतो.

थायरॉईड वाढलेला असेल (रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, खाली जातो आणि टी४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, वर), तर हृदयाला सतत चाबूक मारल्यासारखं होतं. स्वस्थ बसलं तरी नाडी शंभराच्या पुढे, छातीत धडधड, हात थरथरणे. साठीच्या पुढच्या माणसांत तर कधी कधी एवढंच लक्षण दिसतं की ठोके अनियमित पडतायत. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून ठोके पहिल्यांदाच बिघडलेले आढळले की डॉक्टर टीएसएच करायला सांगतात.

थायरॉईड कमी असेल तर सगळं संथपणे चालतं. नाडी मंदावते, खालचं बीपी वाढतं आणि एलडीएल (वाईट) कोलेस्टेरॉल चढतं, कारण यकृत ते रक्तातून नीट उचलत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच पाहिलेला बरा, असं मला वाटतं. मूळ दुखणं थायरॉईडचं असेल तर त्या उपचारानेच आकडा बराच उतरतो.

थायरॉईड कमी असताना दिलेली गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत ४ तासांचं अंतर ठेवा. वजन उतरावं म्हणून डोस मनाने वाढवणारे लोक भेटतात. ते विकतचं दुखणं आहे, धडधड तिथूनच सुरू होते. आधीपासून हृदयविकार असेल तर डोस अगदी कमीपासून सुरू करतात, म्हणून तो आजार डॉक्टरांना जरूर सांगा.