वाचकांचे प्रश्न : एमरी पेपरच्या गावाला

प्रश्न : सप्टेंबरअखेर मी आणि आई (वय ६९) ग्रीसला निघालोय. नाक्सोस बेटावर तीन रात्री आहेत. एजंट म्हणतो, भाड्याने गाडी घ्या, डोंगरातली सात गावं एका दिवसात होतील. आम्ही शाकाहारी आणि आईचे गुडघे जेमतेम. काय करावं?
– स. जो., नाशिक

उत्तर : ताई, सात गावं होतील हो, पण त्यातली पाच आईंना गाडीच्या काचेतूनच दिसतील. दोनच धरा : हाल्की आणि आपिरान्थोस. बंदरावरून बस जाते. तिकीट आधी काढा आणि परतीच्या बसची वेळ तिथेच लिहून घ्या. माझी शेवटची बस चुकली होती. दोष बसचा नाही, माझ्या गप्पांचा.

हाल्कीत १८९६ पासूनची वालिंद्रास यांची भट्टी आहे. तिथे कीत्रो नावाचं मद्य बनतं, तेही फळाचं नाही, पानांचं. झाड कसलं? आपलं महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. आईंना हे जरूर सांगा, पुढचा अर्धा तास त्या भट्टी सोडणार नाहीत. हिरवं कीत्रो गोड आणि सौम्य, पिवळं कडक. गावाबाहेर ऑलिव्हच्या बागांतून थोडं चाललं की दियासोरितिसचं अकराव्या शतकातलं चर्च लागतं. वाट सपाट आहे.

आपिरान्थोस मात्र चढाचं. सुमारे ६०० मीटर उंचीवर, डोंगराच्या कुशीत, आणि गल्ल्यांना संगमरवरी फरशी. पावलांनी घासून गुळगुळीत झालेली, म्हणून चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट हवेत. आईंना चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसवा आणि वर तुम्ही एकट्या फिरून या. ग्रीक कॉफीचा तळातला गाळ मात्र पिऊ नका.

मी तीस वर्षं कारखान्यात काढली. एमरी पेपर, म्हणजे धातू घासायचा खरखरीत कागद, हातात नाही असा दिवस गेला नाही, पण तो एमरी दगड कुठला, हे कधी विचारलं नव्हतं. तो याच डोंगरातला! खाणीतून तारेवरच्या पाळण्यांत घालून तो खाली मुत्सूनाच्या धक्क्यावर जायचा. ते खांब अजून उभे आहेत. त्यांच्याकडे बघताना मला आमच्या फिटरांचे काळे हात आठवले. १९४१ साली अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवरून नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोघांपैकी मानोलिस ग्लेझोस आपिरान्थोसचेच. इथल्या लोकांना 'कोत्साकिया' म्हणजे दोन ओळींची कवनं जागच्या जागी रचता येतात. एकीनं टाकायचं, दुसरीनं परतवायचं. आईंना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर भाषेची अडचण येणार नाही.

आता जेवण. 'होरीस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा. भरलेले टोमॅटो, मोठ्या पांढऱ्या शेंगदाण्यांसारखे दिसणारे गिगांतेस वाल, उकडलेली रानभाजी, नाक्सोसचे बटाटे. उपासाचं म्हणून काही दिलं तर मात्र चौकशी करा. त्यांच्या उपासाला दूध चालत नाही, पण ऑक्टोपस चालतो! ग्राव्हिएरा चीज चवदार, पण त्यात प्राणिज रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेलं विरजण, असतं, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर ते सोडा.

दुपारी दोन ते पाच गाव झोपतं. तेव्हा सकाळची पहिली बस पकडा आणि आईंसाठी एक शाल घ्या, संध्याकाळी वर वारा बोचतो.