आदिवासी भागात नर्सिंग कॉलेज काढायचंय, इमारत तयार आहे. परवानग्या कोणत्या लागतात आणि जम बसायला किती वर्षं जातात?

इमारतीचं नंतर बघू हो. तुमच्या विद्यार्थिनी बाळंतपणं करायला शिकणार कुठे, ते आधी सांगा.

परवानग्यांचं पटकन उरकते. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) यांना राज्य सरकारची मंजुरी, भारतीय परिचर्या परिषदेचे निकष, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता. कुठली फाइल कुठे अडते हे तुमच्या संस्थेच्या क्लार्कला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

मी निवृत्त ट्यूटर. तापीकाठच्या एका गावात एएनएमची शाळा निघाली तेव्हा पहिल्या बॅचपासून होते. बंद पडलेल्या जिनिंगच्या ऑफिसात वर्ग भरायचे, वरच्या मजल्यावर हॉस्टेल. मुली मिळेनात. म्हणून मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी, अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळा पालथ्या घातल्या. एएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे आर्ट्सच्या मुली आणल्या. संस्थेच्या अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. ‘यांना इंग्रजी येत नाही, निकाल बुडेल.’ हा वाद आमचा शेवटपर्यंत मिटला नाही.

धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात मुलींची रात्रपाळी होती. डोंगरातल्या पाड्यावरून बाई आली, पहिलटकरीण, कळा जोरात. टेबलावर चढायलाच तयार नाही, कोपऱ्यात उकिडवी बसून राहिली. मी मराठीत समजावलं, दटावलं, उपयोग शून्य. आमची एक विद्यार्थिनी तिच्याशेजारी तशीच उकिडवी बसली, कंबर चोळत पावरीत, म्हणजे त्यांच्या आदिवासी बोलीत, काहीबाही बोलत राहिली. थोड्या वेळाने दोघी उठून टेबलाकडे आल्या. डोकं दिसायला लागल्यावर पोरीने पॅडने पेरिनियम (योनिमार्गाखालची जागा) फाटू नये म्हणून नीट सांभाळलं, घाई केली नाही. बाळ आईच्या पोटावर, मिनिटाच्या आत मांडीत रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन १० युनिट, नाळेचे ठोके थांबल्यावर क्लॅम्प. टाका एकही पडला नाही. याच मुलीला प्रवेश देऊ नका म्हणत होते!

पुढे जीएनएम आलं, सीटा वाढल्या, रस्त्यावर कमान उभी राहिली. बाळंतपणं होती तेवढीच. एका टेबलाभोवती चार मुली आणि त्यातली एकच हातमोजे घातलेली. बाकीच्यांच्या केसबुकात, म्हणजे स्वतः केलेल्या बाळंतपणांच्या नोंदवहीत, मात्र सगळ्या केसेस भरलेल्या. मी एक गठ्ठा तपासायला घेतला तर सगळी बाळं सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये जन्मलेली, वजन सगळ्यांचं २.८ किलो, शाई एकच. सातपुड्यात म्हणे सगळी २.८ ची! अडीच किलोच्या आतलं एकही नाही, रात्रीचं एकही नाही. मी सही केली नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, कोन देखस तठे?’ म्हणजे तिथे कोण बघतंय. मग सही करणारी दुसरी बाई सापडली. मला केसबुकांपासून दूर करून ग्रंथालय सांभाळायला दिलं.

म्हणून तुम्हाला सांगते, सीटा इमारतीवरून ठरवू नका. माझ्या वेळच्या जीएनएमच्या अभ्यासक्रमात एका मुलीने स्वतः करायच्या नॉर्मल डिलिव्हरी २० होत्या. ४० मुलींची बॅच म्हणजे ८००. तुमच्या भागात त्या होतात का, आणि तिथे आधीच दुसऱ्या दोन कॉलेजांच्या मुली उभ्या नाहीत ना? स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय मागतात ते उगाच नाही. तिथेही खाटा भरलेल्या हव्यात, तपासणीच्या दिवशी गावातून माणसं आणून झोपवलेल्या नकोत. दहा मुलींमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, तोही नुसता हजेरीपटावर नको. बाळंतपणं रात्री-अपरात्रीच येतात, तेव्हा कमानीचे पैसे वाचवा आणि हॉस्टेल लेबर रूमच्या जवळ घ्या. लांब असेल तर रात्रीला गाडी ठेवा.

जम बसायचं म्हणाल तर एएनएम दोन वर्षांचं. पहिली बॅच रजिस्ट्रेशन करून उपकेंद्रांवर लागली की त्यांच्या धाकट्या बहिणी, चुलत बहिणी आपोआप येतात. आमच्याकडे प्रवेश त्यामुळेच वाढले. अध्यक्षांच्या मते ते जाहिरातीमुळे. फायदा कधी सुटतो ते त्यांनाच विचारायला हवं, आता त्यांचं बी.एस्सी.ही आहे.

सगळ्या संस्था अशाच असतात असं नाही, मन लावून शिकवणाऱ्याही बघितल्यात. आणि मी सांगितलेले निकष माझ्या नोकरीतले. २०२३ मध्ये नर्सिंग-मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा झालाय, त्यामुळे अर्ज करण्याआधी ताजे नियम वाचून घ्या. रुग्णालयाशी कराराची बोलणी चालू असतील तर लेबर रूमचं मागच्या वर्षीचं रजिस्टर आधी बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर तिथे करार करू नका.